एवढासा डबा, साडेआठशे वॅट

विजेला मी भिते, आणि माझं काम मात्र विजेचंच आहे. तामलवाडीच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत खिडकीखाली माझं टेबल आहे. सोलापूरचा एक दुकानदार त्याच्याकडचे पॉवर सप्लाय माझ्याकडे तपासायला पाठवतो. पॉवर सप्लाय म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला पत्र्याचा डबा. भिंतीतून येणारी वीज तो गिळतो आणि आतल्या नाजूक भागांना सोसेल एवढीच करून देतो. सोलापुरात माणसं नाहीत असं नाही, पण दुकानदाराचं म्हणणं एकच, तामलवाडीची लाइट ज्यानं पचवली तो डबा कुठंही चालतो. खोटं नाही ते. सकाळी द्राक्षबागांच्या मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे व्होल्टेज एकशे सत्तरवर येतं, आणि मोटारी बंद झाल्या की अडीचशेच्या वर उडी मारतं.

मी परंड्याची. अकरा वर्षांची माझी पाठची बहीण उन्हाळ्यात पत्र्याच्या कूलरला हात लावून, झटका बसून गेली. तेव्हा मी चौदा वर्षांची होते. पुढं डिप्लोमाला मुद्दाम इलेक्ट्रॉनिक्स घेतलं. ज्याची भीती वाटते त्याला नीट ओळखून असावं, असं तेव्हा वाटलं होतं. ओळख झाली, भीती काही गेली नाही.

लग्न होऊन आल्यावर पहिल्या वर्षातच मी या घराला नियम लावले. फ्रिज उघडायचा तर पायात रबरी चप्पल हवी. ओल्या हातानं बटण दाबायचं नाही. गिझर बंद केल्याशिवाय बादलीत हात घालायचा नाही. कूलर तर या घरात कधी आलाच नाही. मीटरशेजारी मी एक पेटीही बसवून घेतली होती. वीज वाट चुकून माणसाच्या अंगात शिरली तर ती पेटी डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइट तोडते. घरातले मला तपासणी अधिकारी म्हणतात. कुणी म्हटलं की मी हसते, आणि मग जाऊन पेटीचं बटण दाबून ती पडते, म्हणजे लाइट तोडते, का ते बघते.

यंदा गुढीपाडव्यानंतर लेकीनं तो डबा मागवला. ती पुण्यातल्या एका आर्किटेक्टसाठी घरांची चित्रं करते, म्हणजे न बांधलेलं घर बांधल्यासारखं दिसावं अशी. त्याला ताकदीचा कॉम्प्युटर लागतो. महिन्यातले आठ दिवस तिला पुण्याला जावं लागतं, आणि कॉम्प्युटर एसटीतून मांडीवर घेऊन जायचा तर तो बॅगेत मावायला हवा. म्हणून छोटं कॅबिनेट, आणि त्यात बसणारा छोटा पॉवर सप्लाय. खोक्यातून काढून तिनं तो माझ्या हातावर ठेवला. पोह्याच्या डब्याएवढाही नव्हता. वर लिहिलं होतं, साडेआठशे वॅट.

मी तो हातात तोलून बघितला. एवढ्याच ताकदीचे डबे मी पाहिले होते, पण ते दुप्पट मोठे. त्यांच्यात हात फिरेल एवढी जागा असते, वारा खेळतो, एक भाग दुसऱ्यापासून लांब असतो. या एवढ्याशा डब्यात सगळं दाटीवाटीनं कोंबलेलं असणार, आणि त्याच्या शेजारी माझी लेक दिवसाचे दहा तास बसणार. मी तिला म्हटलं, मी पास केल्याशिवाय हा तुझ्या खोलीत जाणार नाही. ती म्हणाली, ते मला माहीत होतं, म्हणून तर आधी तुझ्याकडे आणला.

माझी तपासायची रीत गावठी आहे, पण ती कधी फसली नाही. हायवेवरच्या गॅरेजमधून ट्रकच्या हेडलाइटचे जुने बारा व्होल्टचे बल्ब मी आणून ठेवलेत. सिमेंटच्या पत्र्यावर ते ओळीनं बसवलेत. पॉवर सप्लायला एकेक बल्ब जोडत जायचं. बल्ब वाढला की ओझं वाढलं. पंधरा बल्ब पेटले की साडेआठशेच्या डब्याची पुरती ताकद लागते, आणि खोलीत इतका उजेड आणि धग होते की खिडकीबाहेरची चिमणीसुद्धा उठून जाते. मग मीटर लावून बघत बसायचं, बाराचे पावणेबारा होतात का, कुठं करपल्याचा वास येतो का, पंख्याचा आवाज बदलतो का.

त्या डब्यासाठी मी तीन दिवस दुसरं काम हाती घेतलं नाही. सकाळच्या पडत्या लाइटवर चालवला, दुपारच्या चढत्या लाइटवर चालवला. चालू असताना प्लग काढून लगेच घातला. दोन तास पंधराही बल्ब पेटते ठेवून समोर बसून राहिले, खुर्ची दारात, पाय बाहेर काढायला मोकळे. डबा तापला, पण हात लावू देईल एवढाच. बाराचे अकरा पूर्णांक नऊ झाले, त्याखाली काटा गेला नाही. बाहेरच्या पत्र्यावर वीज उतरते का तेही बघितलं. नव्हती उतरत. मला खरं तर त्याच्यात खोट सापडायला हवी होती. चौथ्या दिवशी कारण उरलं नाही, तेव्हा मी त्याच्यावर खडूनं बरोबरची खूण केली आणि लेकीला दिला.

मग कॉम्प्युटर तिच्या खोलीत सुरू झाला, आणि माझा जीव टांगणीला लागला. स्वयंपाक करताना कान तिकडे. भाकरी थापता थापता मी थांबून ऐकायची, तिच्या खुर्चीचा आवाज येतोय का. खुर्ची करकरली की पुढची भाकरी. काहीतरी निमित्त काढून मी खोलीत डोकवायची. ती पायाखाली लाकडी पाट घेऊन, चप्पल घालून बसलेली असायची. बघून मला बरं वाटायचं. एवढ्या वर्षांत घरात कुणीतरी माझं ऐकलं म्हणायचं.

सासूबाईंनीही त्याच दिवसांत फ्रिजच्या हँडलला जुन्या नऊवारीचं फडकं शिवून बसवलं होतं. आमचा फ्रिज जुना, लोखंडी हँडलचा. मी त्यांच्या शिवणीचं कौतुक केलं, किती नीट बसवलंत म्हणून. त्या हं म्हणाल्या आणि पाटावरचे गहू निवडत राहिल्या.

एके दिवशी दुपारी लेक जेवायला उठली होती. मी तिच्या खोलीतली फरशी पुसत होते. चप्पलेचा अंगठा सकाळीच तुटला होता, म्हणून अनवाणी. पाय ओले होते. कॅबिनेट चालूच होतं. किती तापलंय ते बघावं म्हणून मी हात पुढं केला, उलटा हात. आमच्या कामात तशी सवय असते. सुलटा हात लावला आणि वीज असली तर बोटं वळतात आणि सुटत नाहीत.

झटका खांद्यापर्यंत आला. मी मागच्या भिंतीवर आपटले आणि तिथंच खाली बसले. समोर कॅबिनेटच्या जाळीआड डब्याचा पंखा शांतपणे फिरत होता, डब्यावर माझी खडूची खूण तशीच. मला फक्त एवढंच दिसत होतं की त्या जागी लेकीचा हात असता. आणि पास मी केला होता.

लेक धावत आली. मी तिला दारातच थांबवलं, आधी भिंतीतलं बटण बंद केलं, मग प्लग ओढला. डबा काढून पुढच्या खोलीत टेबलावर नेला आणि परत सगळं तपासलं. पत्र्यावर वीज नव्हती. पुन्हा बघितलं. नव्हती. इथं साधू आणि तिथं चोर, असा डबा मी आजवर पाहिला नव्हता. म्हणजे माझ्या समजेपलीकडची काहीतरी खोट त्याच्यात होती, आणि जी समजत नाही तिची भीती सगळ्यात मोठी. मी लेकीला सांगितलं, हा आजच परत जाईल. आणि हे कामही बंद. पुण्याला राहा, कुठं राहायचं तिथं राहा, पण या घरात हे नको.

तिनं डबा माझ्याकडून आपल्याकडे ओढला. मग म्हणाली,

"आई, डब्यात काय न्हाय. फ्रिजलाबी येतंय."

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, काय येतंय.

"झिणझिण. आठ दिवस झाले. दुपारचंच येतंय. आजीलाबी माहीत हाय."

पाट, चप्पल, हँडलचं फडकं. मी ज्याचं कौतुक करत होते ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर एका रांगेत येऊन उभं राहिलं. आठ दिवस या घरातल्या दोन बायका विजेपासून अंग चोरून वावरत होत्या, आणि तपासणी अधिकारी शेजारच्या खोलीत बल्ब मोजत होती. मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला.

"सांगितलं असतं तर तू मशीनच बंद केली असतीस. आत्ताबी तेच करतीयास की."

मला खूप राग आला. तिचा नाही. पण त्या रागाचं काय करायचं ते कळेना, म्हणून मी उठले आणि काम करायला लागले. दुपारचंच येतं, हे एक वाक्य धरून ठेवलं. आमच्या घरात फक्त दुपारी काय चालतं? गोठ्यातला पंखा. संकरित गाय आहे, तिला उन्हाचं सोसत नाही, म्हणून लेकीचे वडील, आमचे मालक, अकरा वाजता पंखा लावतात आणि पाचला बंद करतात. तो पंखा हळू फिरतो म्हणून महिनाभर त्यांची कुरकुर चालली होती. त्यांनी त्याचा कंडेन्सरसुद्धा बदलला होता.

मी लेकीला गोठ्यातलं बटण बंद करायला पाठवलं आणि टेस्टर फ्रिजला लावला. टेस्टरमधला दिवा लाल होता. गोठ्यातून तिची हाक आली, बंद केलं म्हणून, आणि दिवा विझला.

मालक शेतातून आले तेव्हा मी गोठ्यात स्टुलावर चढून वायर बघत होते. मला काही विचारावं लागलं नाही. ते दाव्याशी उभे राहून खाली बघत म्हणाले,

"गेल्या उन्हाळ्यात उंदरानं न्यूट्रलची वायर तोडली व्हती. तात्पुरतं अर्थिंगला जोडलं. पंखा फिरायला लागला, मग ऱ्हायलं तसंच."

वीज आत यायला एक वायर लागते आणि परत जायला एक, तीच न्यूट्रल. परत जायची वायर तुटली, तर आमच्याकडे लोक अर्थिंगची वायर तिच्या जागी जोडतात. पंखा फिरतो, बल्ब लागतो, कुणाचं काही बिघडत नाही. अर्थिंग म्हणजे जमिनीत जाणारी वायर, तिला घरातल्या फ्रिजपासून कॉम्प्युटरपर्यंत प्रत्येक पत्र्याचं अंग बांधलेलं असतं. पंख्याची वीज तिच्यातून गुपचूप जमिनीत जाते. जोवर जमीन ती घेते तोवर. तसं जोडल्यावर माझी ती पेटी सारखी पडायला लागली होती. मी तेव्हा सोलापूरला गेले होते, मला पत्ता नव्हता; त्यांनी गोठ्याची वायर पेटीच्या अलीकडून, थेट मीटरपासून घेतली. पेटी पडायची थांबली. मी रोज बटण दाबून बघत होते, ती रोज पडत होती, आणि मी खूश होते. माझं टेबल तेवढं वाचलं होतं, कारण त्याच्यासाठी मी न्हाणीच्या ओल्या मोरीजवळ अर्थिंगची वेगळी सळई ठोकून घेतली आहे; म्हणूनच डबा तिथं साधू ठरला होता.

मग वर्षभर काही झालं नाही ते आत्ताच का झालं? याचं उत्तर मला परसात गेल्यावर मिळालं, आणि ते मिळालं नसतं तर बरं, असं क्षणभर वाटलं.

अर्थिंगचा खड्डा तुळशीच्या पलीकडे आहे. कोळसा आणि मीठ घालून बुजवलेला, मधून सळई वर आलेली. सासूबाई रोज तुळशीला पाणी घातलं की एक तांब्या त्या खड्ड्यात ओतायच्या. मिस्त्रीनं घर बांधताना त्यांना सांगितलं होतं, याला तहान लागू देऊ नका. खंडेनवमीला नांगर-कुळवाबरोबर त्या सळईलाही हळदकुंकू लागायचं. मी हसायची. यंदा पाडव्याच्या सुमारास बोअर आटला, टँकर आला, आणि मीच त्यांना म्हणाले, आत्या, प्यायला पाणी नाही, तुम्ही त्या खड्ड्याला कशाला पाजताय. शिकलेली सून म्हणते म्हणून त्यांनी बंद केलं.

खड्डा तडकला होता. बोट जाईल एवढ्या भेगा. जमीन वीज घेईनाशी झाली, म्हणून ती घरात परत येत होती, फ्रिजमध्ये, कॅबिनेटमध्ये, जिथं हात लागेल तिथं.

सासूबाई माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात भरलेला तांब्या होता. मी म्हटलं, आत्या, तुम्हाला झिणझिण येत होती तर मला का नाही बोललात.

"तुला सांगायचं म्हंजी घाबरवायचं," त्या म्हणाल्या. "लेकरू आधीच भिऊन असतंय, म्हणून म्या फडकं शिवलं."

लेकरू म्हणजे मी. माझ्या वयाची सत्तेचाळीस वर्षं पुरी झालीत.

मालकांनी त्याच संध्याकाळी ती जोडणी तोडली, गोठ्याला नवी वायर ओढली, आणि ती पेटीच्या पलीकडून घेतली. डबा परत कॅबिनेटमध्ये गेला. त्याच्यात पहिल्यापासून काही खोट नव्हती.

दिवेलागणीला लेक परसाच्या पायरीवर येऊन बसली. मला वाटतं ती मला समजावायला आली होती. पण मला तिला काहीतरी सांगायचं होतं. ते मी तिच्या बापाला सांगितलं नव्हतं, माझ्या आईला सांगितलं नव्हतं, आणि आता आई नाही.

आमच्या घरी कूलर आला तेव्हा आम्ही दोघी बहिणी दिवसभर त्याच्यासमोर बसायचो. महिनाभर दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, मागं लागून आणवला होता. चार दिवसांनी ती मला म्हणाली, कूलरला हात लावला की मुंग्या येतात. मलाही यायच्या. मी तिला म्हणाले, दादांना सांगू नकोस, ते कूलर बंद करून टाकतील. तिनं मान हलवली. माझं ती सगळं ऐकायची. त्यानंतर एकच दिवस गेला. ती कूलरमध्ये पाणी भरायला गेली, आणि तिनं त्याला सुलटा हात लावला.

"मला ती सांगत होती," मी लेकीला म्हणाले. "मीच तिला सांगू दिलं न्हाय."

लेकीनं माझा हात धरला, झटका बसलेला तोच. कोपरापर्यंत अजून बधिर होता. तेहतीस वर्षं मी विजेला भीत होते असं सगळे समजत होते, मीही तेच समजत होते. मी भीत होते ते त्या ‘सांगू नकोस’ला. आणि तेच ‘सांगू नकोस’ मी माझ्या भीतीनं या घरात परत आणलं होतं, न बोलता, नियमांच्या यादीतून.

आता खड्ड्याला रोज एक तांब्या जातो. सासूबाई घालतात, त्या तुळजापूरला माझ्या नणंदेकडे गेल्या की मी घालते. मालक अजूनही मला तपासणी अधिकारी म्हणतात, पण जरा हळू आवाजात.

परवा दुपारी मी टेबलाशी होते. आतून लेकीची हाक आली, आई, जरा ये, डब्याच्या पंख्याचा आवाज वेगळा येतोय. मी गेले. खोलीत शिरताच माझा हात आपोआप भिंतीतल्या बटणाकडे गेला. तो मी खाली घेतला, तिच्या शेजारी फरशीवर बसले आणि कान लावला. आवाज होता खरा, पात्याला वायर घासल्यासारखा.

"कधीपास्नं येतोय?" मी विचारलं.

"आत्ताच," ती म्हणाली. "आला तशी तुला हाक मारली."